सुगंधाचा मंद्र स्वर : म्हैसूरचे चंदन

अत्तर विकत घेताना गिऱ्हाईक ते मनगटाला लावते, लगेच हुंगते आणि आपली पसंती ठरविते. घरी पोचेपर्यंत तो वास पालटलेला असतो आणि रात्री निजताना त्याचे तिसरेच रूप उरलेले असते. अत्तर बनावट तर नसेल, अशी शंका मग पुष्कळांस येते. वस्तुतः असा पालट होणे हा उत्तम सुगंधाचा धर्मच होय. तो कसा घडतो हे ध्यानात आले, म्हणजे म्हैसूरच्या चंदनतेलाला जगभर एवढे मोल का लाभले, हेही उमगते.

कोणत्याही वस्तूचा वास येतो याचा अर्थ तिचे रेणू हवेत मिसळून नाकापर्यंत पोचतात. मौल्यवान सुगंधात अशी दहा-वीस नव्हे, तर कधी कधी शेकडो द्रव्ये एकत्र केलेली असतात. त्यांतील हलक्या रेणूंची वाफ झपाट्याने होते, जड रेणूंची सावकाश. ज्या मद्यार्कात सुगंध विरघळविलेला असतो, त्याचा उत्कलनबिंदू ७८ अंश सेल्सियस असल्यामुळे तो प्रथम उडून जातो. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन १७६ अंशांस उकळते, गुलाबातील फिनाइल-एथिल अल्कोहोल सुमारे २१९ अंशांस, तर चंदनातील सँटॅलॉल ३०० अंशांच्या आसपास. अंगावर यांपैकी काहीच उकळत नाही. परंतु बाष्पीभवनाचा क्रम बहुधा हाच राहतो.

गंधकारांनी या अवस्थांना संगीतातील स्वरांची उपमा दिली आहे. आपल्या परिभाषेत त्यांना तार, मध्य आणि मंद्र म्हणता येईल. लिंबू-संत्र्याचा तार स्वर काही मिनिटांतच विरू लागतो. गुलाब-मोगऱ्याचा मध्य स्वर काही तास दरवळतो. चंदन, वाळा, कस्तुरी यांचा मंद्र स्वर सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. मात्र हे स्वर एकामागून एक प्रवेश करतात असे नव्हे. तिन्ही आरंभापासून उपस्थित असतात. वरचे ओसरले की खालचा स्पष्ट ऐकू येतो, इतकेच.

याची प्रचीती शाळेतही घेता येईल. टिपकागदाच्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर संत्र्याची साल पिळावी, दुसरीवर लवंगेच्या तेलाचा आणि तिसरीवर चंदनाच्या तेलाचा एकेक थेंब टाकावा. पट्ट्या एकमेकींपासून दूर ठेवून दर तासाला हुंगाव्यात आणि अनुभव वहीत टिपून ठेवावा. संत्र्याची पट्टी सर्वांआधी निर्गंध होते; चंदनाची दुसऱ्या दिवशीही गंध देते.

त्वचा मात्र कागदाहून निराळी. तिचे तापमान साधारणतः ३२ ते ३४ अंश असते, त्यामुळे बाष्पीभवनाला वेग येतो. उलट तेलकट त्वचा सुगंध अधिक काळ धरून ठेवते, कोरडी लवकर सोडते. म्हणून एकच सुगंध दोघांच्या अंगावर थोडा वेगळा भासतो. शिवाय नाक सतत येणाऱ्या वासाला सरावते. लावणाऱ्याला अत्तर उडून गेले असे वाटते, तेव्हाही शेजारी बसलेल्याला ते जाणवत असते.

मंद्र स्वराची ही कामगिरी चंदन फार उत्तम रीतीने पार पाडते. त्याच्या तेलात आल्फा आणि बीटा सँटॅलॉल ही दोन द्रव्ये प्रमुख असतात. हे तेल स्वतः सावकाश उडतेच, पण मिश्रणातील हलक्या द्रव्यांनाही काहीसे धरून ठेवते. कनोजचे अत्तरकार गुलाबाची वाफ परंपरेने चंदनतेलातच उतरवीत आले, ते याच कारणाने.

म्हैसूर संस्थानात चंदनाचे लाकूड विपुल होते. परंतु तेल काढण्यासाठी त्यातील पुष्कळसे युरोपात, विशेषतः जर्मनीत जाई. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध भडकले आणि हा व्यापार खुंटला. तेव्हा कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या कारकीर्दीत, एम. विश्वेश्वरय्या दिवाण असताना, संस्थानाने येथेच तेल काढण्याचे ठरविले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी ऊर्ध्वपातनाचे प्रयोग केले. त्यांतून म्हैसूरचा सरकारी चंदनतेल कारखाना उभा राहिला. लाकडाचा भुगा करून त्यातून वाफ सोडावयाची, वाफेबरोबर आलेले तेल थंड करून पाण्यापासून वेगळे करावयाचे, अशी ही रीत आहे.

या तेलाची दुर्मिळता झाडाच्या जीवनक्रमात दडलेली आहे. चंदनाचे झाड आपली मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांत रोवून त्यांच्याकडून पाणी व क्षार घेते. तेल साठते ते खोडाच्या व मुळांच्या गाभ्यात. तो पुरेसा भरावयास अनेक वर्षे, बहुधा दोन-तीन दशके लागतात. मुळांतही तेल असल्यामुळे झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. चोरटी तोड आणि ‘स्पाइक’ रोग यांमुळे जंगलातील चंदन झपाट्याने घटले. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जाती ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेली आहे. टिपू सुलतानाच्या काळापासून राजवृक्ष मानलेले हे झाड स्वतःच्या जमिनीत उगवले तरी शेतकऱ्याचे नसे. त्यामुळे ते लावण्यात त्याला स्वारस्य उरत नसे. कर्नाटकात २००१ मध्ये कायदा बदलून झाडाची मालकी जमीनधारकाला देण्यात आली.

आज प्रयोगशाळेत चंदनासारखा वास देणारी द्रव्ये तयार होतात आणि अनेक सुगंधांत तीच वापरली जातात. तथापि नैसर्गिक तेलातील अनेक घटकांचा एकत्रित परिणाम एका द्रव्याने साधत नाही. मनगटावर दिवसभर रेंगाळणाऱ्या एका थेंबामागे झाडाची वीस-तीस वर्षे असतात. आज रोप लावणाऱ्याने ती वर्षे थांबण्याची तयारी ठेवली, तरच म्हैसूरचा हा मंद्र स्वर पुढील पिढीच्या कानी, म्हणजे नाकी, पडेल.