बुडबुड्यांचा साचा

पहाटे साडेपाचला सराफा ओळीत झाडू फिरतो. दुकानं उघडायला अजून बराच वेळ असतो. तेवढ्यात सोनझारी बायका ओट्याखालची धूळ, नालीतला गाळ घमेल्यात भरतात. पाण्यात हलवून हलवून माती सोडून देतात आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचतात. लहानपणापासून मी हे खिडकीतून पाहत आले. डोळ्यांना दिसत नाही तो धातूसुद्धा मोजावा लागतो, हे मी कॉलेजात नव्हे, आमच्या इतवारी बाजारात शिकले.

साडेसातला खाली उतरते. आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर काकांचं निकेल प्लेटिंग चालतं. पितळी समया, नळाच्या तोट्या, दिव्यांची कडी, असा सगळा माल. टाकीत निकेल सल्फेट, निकेल क्लोराईड आणि बोरिक ॲसिड. ऑलिव्हर वॉट्सने 1916 मध्ये दिलेली ही कृती आजही जगभर चालते. वस्तूवर निकेल चढताना थोडा हायड्रोजनही सुटतो. त्याचे बुडबुडे चिकटून बसले की काका तारेला झटका देतात. "बुडबुडा बसला का खड्डा पडते, पोरी." करंट वाढला तर माल जळतो, म्हणजे काळा आणि खडबडीत होतो. मग तो घासून पुन्हा करायचा. मी दिवसभर मुद्दाम तसाच जळालेला माल काढते, हे ऐकल्यावर काका कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले होते.

नऊला अग्रसेन चौकातून मेट्रो. दहाला प्रयोगशाळा.

पहिला तास धुण्याचा. एक चौरस सेंटिमीटर निकेलचा पत्रा ॲसिटोनमध्ये, मग पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, मग शुद्ध पाण्यात. बोट लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर निकेल क्लोराईड आणि भरपूर अमोनियम क्लोराईडच्या द्रावणात तो ऋण टोकाला टांगते आणि दोन ॲम्पियर सोडते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने काकांच्या टाकीच्या साधारण पन्नास पट. पत्रा दिसेनासा होतो, नुसता फेस. बुडबुड्यांच्या जागी निकेलला बसता येत नाही, ते त्यांच्या मधल्या फटींत वाढतं. बुडबुडे निघून गेले की भोकं राहतात. त्या भोकांच्या भिंती सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानांसारख्या दिसतात, आणि त्या पानांची टोकं नॅनोमीटरमध्ये मोजायची. म्हणजे काकांचा शत्रू तो माझा साचा. मेईलिन लिऊ आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तांबं आणि कथील अशाच पद्धतीने सच्छिद्र करून दाखवलं होतं. एका मिनिटात पत्रा काजळीसारखा काळा होऊन बाहेर येतो.

बारा वाजता तो उत्प्रेरक म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या पाण्यात जातो. विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात कारखान्यात 1.8 ते 2 लागतात. वरचं बरंचसं उष्णतेत जातं, आणि उत्प्रेरकाने कमी करायचं ते हेच. एक दशांश व्होल्ट वाचला तर किलोभर हायड्रोजनमागे अडीच युनिटांहून जास्त वीज वाचते. देशाच्या हरित हायड्रोजन मोहिमेने 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय. त्याला गुणून पाहिलं की हा दशांश मला रात्री झोपू देत नाही. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम हे काम उत्तम करतं. आम्लात ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम टिकतं, पण ते साऱ्या जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. तेवढ्यावर देश चालत नाहीत. निकेलवर चालू शकतील.

आकडे पडद्यावर येतात, पण मी आधी भांड्यात डोकावते. गुळगुळीत पत्र्यावर बुडबुडे धरून बसतात, फुगतात, मग एखादा सुटतो. माझ्या काळ्या पत्र्यावरून ते बसायच्या आत निघतात, इतके बारीक की दूध पातळ करून ओतल्यासारखी धार वर चढताना दिसते. हे बघायला मी रोज तेवढ्याच उत्सुकतेने वाकते.

दीडला डबा. पोळी, भरली वांगी.

दुपार मात्र शंकेची. गेल्या वर्षी ऑक्सिजनच्या बाजूचे माझे आकडे अचानक फार चांगले आले. पंधरा दिवस मी हवेत होते. मग कळलं, ती करामत माझ्या निकेलची नव्हती. बाटलीतल्या पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये लोखंडाचा अंश होता. तो निकेलच्या थरात शिरला आणि त्यानेच काम केलं. हे कॉरिगन नावाच्या संशोधकाने 1987 मध्येच दाखवलं होतं. मी वाचलंही होतं, तरी माझ्याच भांड्यात ते मला दिसलं नाही. त्या रात्री मी फार रडले. तेव्हापासून दर आठवड्याला निकेल हायड्रॉक्साईडचा चोथा त्या द्रावणात ढवळते. तो लोखंड ओढून घेतो, वरचं निवळलेलं तेवढं वापरायचं. समोरचा इलेक्ट्रोडही प्लॅटिनमचा ठेवत नाही, ग्राफाईटचा ठेवते. प्लॅटिनम विरघळून माझ्या पत्र्यावर येऊन बसलं तर श्रेय चुकीच्या धातूला जायचं. तीन ते सहा हेच चालतं. यातलं काहीही शोधनिबंधात दोन ओळींपेक्षा जास्त जागा घेत नाही.

सहाला एक नमुना रात्रभराच्या चाचणीला लावते. मध्ये वीज गेली तर हायड्रोजनच्या बाजूच्या निकेलवर ऑक्साईड चढतो. उद्या ही यंत्रं सौर विजेवर चालायची असतील तर सूर्य रोजच मावळणार, म्हणून तेही मुद्दाम तपासायचं आहे.

साडेआठला घरी. काका शटर ओढत असतात. जोडीचा दुसरा पत्रा मी त्यांच्या हातात देते. ते उजेडात धरतात, तिरपा करतात आणि अंगठ्याचं नख फिरवतात. नखाला काळी भुकटी लागते.

"हे निघून राहिलं ना, बेटा. आधी स्ट्राइक मारली नाही तू?"

स्ट्राइक म्हणजे मुख्य थराआधीचा पातळ, घट्ट थर. निकेल क्लोराईड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या पाण्यात दोन-तीन मिनिटांचा. चार महिने माझे थर गळत होते आणि मी पृष्ठताण, तापमान, सगळं बदलून बघितलं होतं. काकांनी त्यांच्या बरणीतलं पाणी पुढे केलं. ते घेता येणार नाही, त्यात लोखंड असणार. प्रमाण मात्र मी दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं.