चूक कानाला कळते

हार्प गिटार या पाश्चात्त्य वाद्यात नेहमीच्या तारांखेरीज काही जादा तारा असतात. त्या बोटाने न दाबता मोकळ्याच छेडतात. आपल्या तंबोऱ्याच्या तर चारही तारा मोकळ्या! म्हणून तेथे कारागिराची चूक वादकाला झाकता येत नाही.

शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी १९व्या शतकात मिरजेत ही कला रुजविली. तिची खरी कसोटी जवारीत लागते. कारागीर घोडीचा माथा हलकेच घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. एक हात अधिक फिरला की नाद बोथट होतो. घासून गेलेला अंश परत येत नाही. सारा माथा नव्याने साधावा लागतो.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन लाभले. त्या मानामागे वेळीच थांबण्याचे हे शिक्षण आहे.