पाणवठ्यावरची वैशाख पौर्णिमा

वैशाखातल्या पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री, यावल अभयारण्यात पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची गणना केली जाते. जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे सातपुड्यातले हे जंगल १९६९ साली अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. साग, अंजन, सलई अशा पानझडी झाडांच्या या रानात मे महिन्यात ओढे आटतात आणि पाणी मोजक्या जागी उरते. खानदेशात पारा ४५ अंशांना टेकत असताना बहुतेक मोठे प्राणी दिवसरात्रीत एकदा तरी पाण्यावर येतील, हे या पद्धतीमागचे गृहीतक. चांदण्यामुळे दिवा लागत नाही, हा पौर्णिमेचा फायदा.

मचाण आधीच बांधून ठेवतात, म्हणजे त्या नव्या आकाराला जनावरे सरावतात. बांधताना वाऱ्याची दिशा पाहावी लागते. माणसाचा वास पाण्याकडे गेला की रात्र फुकट. बसणाऱ्यांनी ऊन उतरण्याआधी वर चढायचे आणि सकाळी खाली यायचे. भडक कपडे, अत्तर, विजेरी, फ्लॅश, गप्पा, सगळे वर्ज्य. समोर भेकर, नीलगाय, रानडुक्कर, अस्वल, नशीब असल्यास बिबट्या, जे येईल त्याची वेळ, संख्या, नर-मादी-पिल्लू अशी नोंद पत्रकावर करायची. सोबत वनकर्मचारी असतो आणि त्याची नजर शहरी पाहुण्याच्या दुर्बिणीपेक्षा बहुधा आधी पोचते.

शास्त्र म्हणून ही गणना कच्चीच. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर दोनदा मोजले जाते, ढग आले की काहीच दिसत नाही, आणि वळवाचा पाऊस झाला की जनावरांना ठरावीक पाण्यावर यायची गरजच उरत नाही. देशातल्या व्याघ्रगणनेत २००६पासून कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्रीय पद्धत आली आहे. तरीही ही रात्र टिकून आहे ती लोकांना जंगल दाखवण्यासाठी. तिला पर्यटनच म्हणणे प्रामाणिकपणाचे. मात्र हे पर्यटन आपली मर्यादा स्वतःच घालून घेते: जितकी मचाणे तितकीच माणसे. सफारीच्या जिप्स्या मागणीप्रमाणे वाढवता येतात, प्राण्याच्या मागे पळवता येतात. मचाणावरच्या माणसाला जनावराची वाट पाहावी लागते.

पाणवठ्यांची बाजू मात्र नाजूक आहे. सिमेंटच्या बशीत टँकरने पाणी भरले की हरणे तिथे गोळा होतात, मागोमाग बिबट्या आणि कधी शिकारीही. त्यामुळे पाहुणे एक रात्र बसून गेले तरी उरलेला उन्हाळाभर गस्त लागतेच. ती घालणाऱ्या वनमजुरांत आणि सीमेवरच्या पाड्यांत पावरा, बारेला, तडवी या आदिवासी घरांची माणसे आहेत. पाहुण्यांकडून येणाऱ्या पैशातला वाटा या घरांपर्यंत पोचला, तर वणवा किंवा चोरटी तोड यांची खबर लवकर मिळेल.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला मात्र ‘जितकी मचाणे तितकीच माणसे’ हे गणित लागू पडत नाही. देवस्थान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. नवरात्रात येणाऱ्या भाविकांना मचाणासारखी जागा मोजून देता येत नाही. तिथे आवर घालायचा तो वाहनांना, प्लॅस्टिकला, ध्वनिक्षेपकाला आणि अंधार पडल्यावरच्या वर्दळीला.