मावशीचा डाव्या हाताचा नेम

वर्षावास संपला की आमच्या शहाडच्या वस्तीतल्या दहा-बारा घरांची कोंडाणे लेण्यांची सहल ठरलेली असायची. कल्याणला गाडी बदलून कर्जत, तिथून रिक्षाने कोंदिवडे, पुढे पायवाट. राजमाचीच्या पायथ्याची ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं, असं चैत्यगृहाच्या दर्शनी भागातल्या मूर्तीजवळ कोरलेलं आहे. तिथे वंदना घ्यायची आणि खाली नदीकाठी ताडपत्र्या टाकून रात्रीचा मुक्काम. आपल्या शहाडच्या पुलाखालून जाते तीच ही उल्हास. पण तिकडे तळाचे गोटे दिसतात.

सकाळी लगोरी. नदीतले सात चपटे दगड एकावर एक, आणि चिंध्यांच्या बोळ्यावर सायकलच्या ट्यूबची रबरं चढवून केलेला चेंडू. लहानथोर सगळे खेळायचे. मावशी आपल्या बाजूला हवी म्हणून भांडणं व्हायची. पन्नाशी आली तरी पदर खोचून ती पहिल्याच फेकीत लगोरी उडवायची.

एका वर्षी तिने चेंडू डाव्या हाताने टाकला. तो भलतीकडे गेला. सगळे हसले, मीही हसले. दुपारी पाहिलं, तर तिची वेणी सून घालत होती. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता, आणि हे चार महिने चाललेलं. "पाणी भरून भरून हात भरलाय," म्हणाली. एका मालिशवाल्याकडून दोनदा हात ओढूनही घेतला होता. त्याने दुखणं वाढलंच.

डॉक्टरांनी खांदा पाहिला आणि रक्त तपासायला सांगितलं. उपाशीपोटी साखर २१०! या दुखण्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात. सांध्याभोवतालचं आवरण सुजतं, जाड होतं आणि खांदा आखडतो. चाळिशी ते साठीत, बायकांना जास्त, आणि मधुमेह असलेल्यांना इतरांपेक्षा कितीतरी अधिक. खांदा आखडला म्हणजे साखर असेलच असं नाही, पण तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त दोनदा आली, तर तो मधुमेह. तिशीपुढच्या सर्वांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आपल्या बाया तिथे नातवाच्या डोसाला जातात, स्वतःसाठी जात नाहीत.

मावशीला गोळ्या सुरू झाल्या आणि दोन व्यायाम दिले. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायची. झेपेल तिथे थांबायचं. दुसरा, एका हाताने टेबल धरून वाकायचं आणि दुखरा हात सैल सोडून हळूच झुलवायचा. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवूनच हे करावं. हात ओढून घेऊ नये. घाईही नको, कारण खांदा मोकळा व्हायला एक ते तीन वर्षंसुद्धा लागतात. मावशीला दीड वर्ष लागलं.

त्यानंतरच्या सहलीत तिने चेंडू उजव्या हाताने टाकला, खालून. दगड दोनच पडले. दुसऱ्या डावाला ती कुणाकडे, यावरून पुन्हा भांडण झालं.