प्लेटमध्ये उगवलेली बुरशी गुन्हेगार असेलच असं नाही

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी पाचगणीजवळच्या एका शेतातून ठिपके पडलेली स्ट्रॉबेरीची पानं आणली. तुकडे कापले, पीडीएवर ठेवले. आठवड्याभरात बहुतेक प्लेट काळपट-हिरव्या बुरशीने भरल्या. आल्टर्नेरिया! वहीत तेच नाव लिहून मोकळी झाले. गाईडनी एकच विचारलं, "निरोगी पानावर काय मिळतं ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. बघितलं, तर तिथेही आल्टर्नेरियाच.

तिकडे शेतकरीदादांचा फोन: "ताई, फवारू काय?"

तुम्हीही पानांवरच्या रोगांवर काम करणार असाल, तर कात्री हातात घेण्याआधी पान नीट बघा. शेतात सगळ्यालाच सरसकट 'करपा' म्हणतात, पण ठिपक्यांत फरक असतो. ३ ते ६ मिलिमीटरचा गोल ठिपका, मधे राखाडी-पांढरा आणि कडेला जांभळा, असेल तर रॅम्युलेरियाचा संशय घ्या. जांभळट, वेडेवाकडे डाग असतील आणि मधला भाग पांढरा पडत नसेल, तर डिप्लोकार्पॉन. पानाच्या कडेपासून शिरेकडे निमुळता होत गेलेला इंग्रजी व्हीसारखा मोठा डाग आणि त्यात काळे बारीक दाणे दिसले, तर फोमॉप्सिस. आता पान उजेडासमोर धरा. शिरांमध्ये अडकलेले, कोनाकोनाचे, पाणी मुरल्यासारखे पारदर्शक डाग दिसले तर ती बुरशीच नसेल; झँथोमोनस हा जिवाणू असू शकतो. त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत, शिवाय फळांची तोडणी चालू असताना नको तो अंश फळावर.

अर्थात, हा सगळा संशयच. जुन्या पानावर दोन रोग एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे कोवळे ठिपकेही गोळा करा.

माझी खरी चूक वेगाची होती. रॅम्युलेरिया प्लेटवर अतिशय सावकाश वाढते. आल्टर्नेरिया धावत सुटते आणि तिला झाकून टाकते. पृष्ठभाग निर्जंतुक केला तरी पानाच्या आत गुपचूप राहणाऱ्या बुरश्या उरतातच. (भुरीची तर आणखी गंमत: ती जिवंत पानाशिवाय वाढतच नाही, पीडीएवर वाट बघत बसू नका.) म्हणून आल्टर्नेरिया म्हणजे नेहमी कचरा, असंही नाही. जपानमध्ये 'मोरिओका-१६' या वाणावर तिच्याच एका प्रकाराने काळे ठिपके पाडले होते.

मग ठरवायचं कसं? कॉखच्या जुन्याच कसोटीने. एका बीजाणूपासून शुद्ध वाढ घ्या, निरोगी रोपावर फवारा, एक-दोन दिवस दमट झाकण ठेवा. शेजारी नुसतं निर्जंतुक पाणी फवारलेली रोपं हवीतच. तसेच ठिपके आले आणि त्यांतून तीच बुरशी परत निघाली, तर बोला. आयटीएसचा अनुक्रम जुळला म्हणजे झालं, असं समजणारे बरेच भेटतील. अनुक्रम फक्त प्लेटमध्ये कोण आहे ते सांगतो, ठिपका कुणी पाडला ते नाही. आणि कोलेटोट्रायकमसारख्या गटात तर प्रजातीसुद्धा एकट्या आयटीएसवरून ठरत नाही.

दुसऱ्यांदा मी तुकडे लावलेच नाहीत. पानं दमट डब्यात ठेवली, ठिपक्यावर आलेले बीजाणू सुईने थेट उचलले. वसाहती इतक्या हळू वाढल्या, की दोनदा प्लेट टाकून द्यायला निघाले होते. त्याच रॅम्युलेरियाने रोपांवर पांढऱ्या मध्याचे ठिपके आणले. पाण्याची रोपं स्वच्छ राहिली. मगच दादांना फोन केला.