अर्थिंगचा कोरडा खड्डा

गेल्या वैशाखांत आमच्या अक्कलकुव्याच्या घरीं पाण्याच्या पंपाला हात लावतांच मला जोराचा झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून निभावलें. तारेचें वेष्टन आंतून फाटून वीज पंपाच्या लोखंडी अंगांत उतरली होती. नवल याचें कीं, तिसरी तार जोडलेली होती, अंगणांत अर्थिंगचा खड्डाही होता. तरी फ्यूज गेला नाहीं. तो कां गेला नाहीं, तेंच आज सांगावयाचें आहे.

वीज एका तारेनें येते व दुसरीनें परत जाते. तिसरी, हिरवी तार एरव्हीं रिकामी असते. यंत्राच्या धातूच्या अंगांत वीज उतरलीच, तर ती या तारेवाटे जमिनीकडे धांवावी, प्रवाह एकदम वाढावा आणि फ्यूज वितळून पुरवठा तुटावा, अशी योजना असते. प्लगाचा तिसरा दांडा लांब ठेवितात तोही याकरितांच. तो सर्वांआधीं जोडला जातो व सर्वांमागून सुटतो. कांहीं शहाणे तोच दांडा कापून प्लग दोन भोंकांत बसवितात!

परंतु ही सारी योजना जमिनीच्या ओलाव्यावर अवलंबून आहे. आमचें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं. पावसाळा सरल्यावर महिनोन् महिने पाऊस नाहीं, आणि वैशाखापर्यंत खड्डा ठणठणीत कोरडा होतो. अशा खड्ड्याचा विरोध 46 ओहम धरा. 230 व्होल्टला 46 नें भागिलें, तर 5 अँपियर येतात. फ्यूज 15 अँपियरचा. तो कशाला वितळेल? पंपाचें अंग तसेंच वीजभारित राहतें. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा विरोध सुमारें 1000 ओहम मानिला, तर जवळजवळ पाव अँपियर प्रवाह त्याच्या देहांतून जाईल. हृदयाची गति बिघडावयास याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

याहूनही घातक एक युक्ति आहे. खड्डा खणण्याचा खर्च वांचविण्यासाठीं कोणी सॉकेटांतच न्यूट्रल तार अर्थिंगच्या भोंकाला जोडून देतात. सर्व कांहीं सुरळीत चालतें. पण एके दिवशीं न्यूट्रलचा सांधा मागें कोठें सुटला कीं, परतीची वाट बंद झालेली वीज यंत्राच्या अंगावर येते. यंत्र मात्र धडधाकट असतें! पूर्वीं लोखंडी नळाला तार गुंडाळीत. आतां नळ प्लास्टिकचे झाल्यावर त्या तारेला अर्थच उरला नाहीं.

आम्हीं नवा खड्डा खणविला, अडीच मीटरांचा नळ पुरून भोंवतीं कोळसा व मीठ भरलें, वर पाणी ओतण्यास नरसाळें ठेविलें. नातू उन्हाळ्यांत दर शनिवारीं त्यांत बादलीभर पाणी ओततो. शिवाय आरसीसीबी नांवाचा खटका बसविला. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत 30 मिलिअँपियरचा फरक पडला कीं तो क्षणार्धांत पुरवठा तोडतो. फ्यूजला जें कळत नाहीं, तें त्यास कळतें. त्यावर परीक्षेचें एक बटण असतें. महिन्यांतून एकदां मी तें दाबून पाहतों. दिवे जातात, स्वयंपाकघरांतील मिक्सर बंद पडतो. म्हणून सूनबाईंनीं मला त्यासाठीं पहिल्या तारखेची दुपार नेमून दिली आहे.