रस्त्याआधी पाण्याची वाट ठरवा



आपल्या गल्लीचा रस्ता काँक्रीटचा होणार, असे कळले की सगळ्यांना बरे वाटते. चिखल जाईल, पोरांचे पाय कोरडे राहतील. पण मंचरहून भीमाशंकरला जाताना लागणाऱ्या तळेघरसारख्या डोंगरी, धो-धो पावसाच्या गावात आधी एक प्रश्न विचारायला हवा : या रस्त्यावरचे पाणी जाणार कुठे?

याच आंबेगाव तालुक्यातले माळीण आठवा. ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून १५१ माणसे गेली. वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवे गाव उभे राहिले आणि २ एप्रिल २०१७ रोजी घरे ताब्यात मिळाली. त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथला भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या, गटारे ढासळली. आधीच पोळलेल्या माणसांच्या जिवाचा पुन्हा थरकाप झाला. डागडुजी नंतर झाली; पण उताराची जमीन, नवा भराव आणि पाणी यांचा मेळ रस्ता करण्याआधीच बसवावा लागतो, हा धडा सर्वांसाठी आहे.

तुम्हाला हे नवे नाही. भातखाचर बांधताना तुम्ही जादा पाण्याची वाट आधी ठेवता. नाहीतर पाणी बांध फोडून आपली वाट आपण काढते. गल्लीचेही तसेच आहे.

ग्रामसभेत विषय निघाला की ग्रामपंचायत अधिकारी आणि शाखा अभियंता यांच्याकडे अंदाजपत्रक मागा, ते मोठ्याने वाचून घ्या आणि एवढे विचारा :

जुना रस्ता उकरणार, की त्यावरच थर टाकणार? थरावर थर चढला की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो आणि पावसाचे पाणी घरात व गोठ्यात शिरते.

खालचा मुरूम थराथराने दाबणार ना? नळाचे पाइप आधी टाकणार ना? नाहीतर आज केलेला रस्ता उद्या पाइपसाठी फोडावा लागतो.

उतार किती? १० फूट रुंदीचा रस्ता एका बाजूला उतरता असेल, तर साधारण अडीच इंचांचा उतार हवा. खालच्या बाजूला गटार हवे आणि ते ओढ्यापर्यंत पोहोचायला हवे. शेजाऱ्याच्या अंगणात सोडलेले गटार म्हणजे नवे भांडण.

पृष्ठभाग खरखरीत ठेवणार ना? गुळगुळीत काँक्रीटवर बैलाचा खूर घसरतो. ओल्या काँक्रीटवर ब्रशने आडव्या रेघा ओढल्या की काम होते.

पाणी किती दिवस मारणार? निदान १४ दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे. म्हणून काम पावसाच्या तोंडावर नको आणि पाणीटंचाईत सुरू करायचे असेल, तर पाण्याची सोय आधी हवी.

"निधी रस्त्यापुरताच आहे, गटाराला नाही," असे उत्तर मिळेल. अधिकाऱ्यांचीही अडचण असते. मंजूर रकमेबाहेर त्यांना जाता येत नाही. अशा वेळी भांडू नका. अंदाजपत्रक बदलून घेण्याचा ठराव करा : लांबी थोडी कमी करा, पण रस्ता गटारासकट करा. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने ग्रामसभेला मोठा अधिकार दिला आहे. तिथल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधीही थेट मिळू लागला. तो कुठे वापरायचा, हे ग्रामसभेत ठरते.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. घरातल्या बायकांना तिथे जरूर पाठवा. हंडा घेऊन कुठे पाय घसरतो आणि पावसात कोणाच्या चुलीपर्यंत पाणी येते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. गटाराच्या जागेवर आलेला ओटा किंवा पायरी हातभर मागे घ्यायची वेळ आली, तर आधी आपली घ्यावी. मग शेजाऱ्याला सांगायला तोंड राहते.

काम चालू असताना रोज दोघांनी तरी तिथे उभे राहावे. ठेकेदार निघून गेल्यावर तक्रार करणे म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. पावसाळ्यात एकदा छत्री घेऊन आपल्या गल्लीतून चाला, पाणी कुठून येते आणि कुठे थांबते ते वहीत लिहा. ती वही पुढच्या ग्रामसभेला बरोबर न्या.